साइडिंगला रंग द्यायचा की नवीनच बसवायचं? अमेरिकेत पहिलं घर घेतलेल्यांसाठी

२०१९ च्या जूनमध्ये आम्ही घराला बाहेरून रंग लावून घेतला, आणि २०२१ च्या मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर बघतो तर गॅरेजच्या बाजूच्या भिंतीवरचे पोपडे नुसतं नख लावलं तरी हातात येत होते. बाकी तीन भिंती छान होत्या, ही एकच अशी. घर न्यू जर्सीत, १९८६ चं, सीडरच्या लाकडी फळ्यांचं साइडिंग (म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण). दुसऱ्या माणसाला बोलावलं, त्याने चार फळ्या काढल्या आणि मागे प्लायवूड काळं पडून ओल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं. म्हणजे आम्ही कुजणाऱ्या भिंतीवर रंग लावून घेतला होता आणि त्याचे पूर्ण पैसे मोजले होते.

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी इकडे घरं घेतली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, की साइडिंग जुनं दिसतंय, रंग मारू का बदलू. आपल्याला विटा आणि गिलाव्याची सवय. तिकडे दिवाळीच्या आधी भिंत खरवडली, लांबी भरली, रंग दिला की घर नवीन. इकडची भिंत तशी नाही. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाहेरून टकटक करून म्हणाले, "अरे, ही पोकळ आहे की!" बरोबरच आहे. बाहेरून साइडिंग, त्यामागे टायव्हेकसारखा पाणी अडवणारा कागद किंवा जुन्या घरात काळा डांबरी कागद, त्यामागे प्लायवूड किंवा ओएसबीची (लाकडाच्या चिपा दाबून केलेली) पाटी, मग लाकडी खांब आणि मध्ये इन्सुलेशन. साइडिंग हा वरचा रेनकोट आहे. थोडंफार पाणी त्याच्या मागे जाणारच, ते खालून निथळून बाहेर यायची सोय असली पाहिजे. ही एक गोष्ट नीट कळली ना, की रंग द्यायचा की बदलायचं याचं निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

१. आधी भिंतीवर आहे काय ते ओळखा

हे मी दोन वर्षं घरात राहूनही नीट ओळखलं नव्हतं म्हणून सांगतोय.

व्हिनिल: प्लॅस्टिकचं, वाजवलं की पोकळ आवाज, दोन्ही हातांनी धरून आडवं सरकवलं तर थोडं हलतं. हलायलाच हवं, उन्हाळ्यात ते फुगतं आणि थंडीत आकसतं, म्हणून खिळे घट्ट न ठोकता सैल लटकवलेलं असतं. "साइडिंग हलतंय, खराब झालंय" म्हणून घाबरू नका.

ॲल्युमिनियम: बोटाने टिचकी मारली की डब्यासारखा आवाज, चेंडू लागल्याचे पोचे दिसतात, हात फिरवला की पांढरी पूड लागते.

लाकूड: सीडरच्या फळ्या किंवा शिंगल्स (कौलांसारखे छोटे चपटे तुकडे). ऐंशीच्या दशकातल्या घरांवर बऱ्याचदा टी-वन-इलेव्हन नावाचे उभ्या खाचांचे प्लायवूडचे मोठे पत्रे दिसतील, आणि हार्डबोर्ड पण, जे दिसायला लाकडासारखं पण मुळात दाबलेला भुसा. हार्डबोर्डच्या फळीची खालची कड बिस्किट चहात बुडवल्यासारखी फुगलेली दिसली तर ती फळी गेली, रंगाने ती परत बसत नाही.

फायबर सिमेंट: हार्डी प्लँक वगैरे. जड, थंड लागतं, वाजवलं तर ठोस. हे रंगाला सगळ्यात चांगलं.

सिमेंटचे जुने शिंगल्स: ठिसूळ, साधारण एक बाय दोन फुटांचे तुकडे, खालची कड बऱ्याचदा नागमोडी, वर लाकडासारख्या रेघा. घर साधारण सत्तरच्या दशकाआधीचं असेल आणि भिंतीवर हे असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ श्वासातून गेली तर घातक) असण्याची दाट शक्यता. पुढची पायरी वाचल्याशिवाय हात लावू नका.

२. घराचं वय बघा, हे टाळू नका

अमेरिकेत घरांसाठीच्या रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. तुमचं घर त्याआधीचं असेल तर बाहेरच्या जुन्या थरात शिसं आहे असंच धरून चाला, जोपर्यंत टेस्टने नाही म्हणत नाही. २०१० पासून ईपीएचा (केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचा) नियम लागू आहे की १९७८ च्या आधीच्या घरात बाहेरून वीस चौरस फुटांपेक्षा जास्त रंगवलेला पृष्ठभाग खरवडायचा-तोडायचा असेल तर कॉन्ट्रॅक्टर लेड-सेफ सर्टिफाइड असायला लागतो. खाली जमिनीवर प्लॅस्टिक अंथरणं, धूळ उडू न देणं, शेवटी सगळं गोळा करणं हे त्यात येतं. घरात लहान मूल असेल, किंवा परसात मेथी-कोथिंबीर लावत असाल, तर ही धूळ मातीत जाते हे डोक्यात ठेवा. "हो हो आम्ही काळजी घेतो" यावर थांबू नका, सर्टिफिकेट मागा.

ॲस्बेस्टॉसवाले शिंगल्स जोपर्यंत अखंड आहेत तोपर्यंत सहसा त्रास देत नाहीत. ते घासायचे नाहीत, ड्रिल करायचे नाहीत, प्रेशर वॉशर तर अजिबात नाही. अखंड असतील तर हलक्या हाताने धुवून रंग देणं हाच बऱ्याचदा शहाणपणाचा मार्ग. काढायचेच असतील तर खर्च आणि नियम दोन्ही वाढतात, आणि ते काम परवानाधारक ॲबेटमेंटवाल्यांचं (ॲस्बेस्टॉस सुरक्षितपणे काढणाऱ्यांचं) आहे. माझ्या एका मित्राचं घर १९५८ चं आहे, त्याला एका सेल्समनने "उद्या सगळं काढून टाकतो" म्हणून सांगितलं होतं, टेस्टचा विषयही न काढता. मित्राने नुसतं "टेस्ट रिपोर्ट कुठे आहे" विचारलं, तर त्या माणसाचा परत फोन आला नाही.

३. घराभोवती एक फेरी, पण रिकाम्या हाताने नाही

शनिवारी सकाळी तास-दीड तास काढा. लागेल ते: स्क्रूड्रायव्हर, युटिलिटी नाइफ, चांगली चिकटपट्टी, टॉर्च, मोजायची टेप, थोडं ब्लीच पाण्यात मिसळून, फोन. जमलं तर लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर घ्या, होम डेपोत महाग नाही. वरच्या मजल्याला शिडी लावायची गरज नाही, दुर्बिणीने किंवा फोनच्या झूमने बरंच दिसतं. एकटे असताना शिडीवर चढू नका, प्लीज.

टोचून बघा. प्रत्येक भिंतीच्या तळाच्या फळ्या, खिडकीच्या खालचे कोपरे, दरवाजाच्या चौकटीचं तळ, डेक जिथे भिंतीला जोडलाय ती जागा. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर न लावता आत गेलं तर लाकूड कुजलंय, वर रंग कितीही छान दिसू दे. मीटर असेल तर वीस टक्क्यांच्या वर ओल म्हणजे कुजण्याचा धोका, आणि रंग लावायचा तर पंधराच्या खाली हवी.

हात फिरवा. पांढरी पूड आली तर जुना रंग वरून खडूसारखा झालाय. हे वाईट नाही, नीट धुवून योग्य प्रायमर लावला की रंग धरतो. न धुता लावला तर धरत नाही.

चिकटपट्टीची परीक्षा. रंगावर नाइफने छोटी फुली मारा, त्यावर पट्टी घट्ट दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. रंगाचे तुकडे पट्टीबरोबर आले तर जुना थरच भिंतीला धरून नाही, त्यावर नवीन रंग म्हणजे निसटत्या सतरंजीवर उभं राहणं. (शिशाचा संशय असेल तर ही आणि खरवडण्याची कुठलीही परीक्षा करू नका.)

काळे-हिरवे डाग. उत्तरेच्या भिंतीवर हमखास असतात. ब्लीचच्या पाण्याचा एक थेंब टाका, डाग फिका पडला तर बुरशी किंवा शेवाळ, नाही पडला तर नुसता मळ. दोन्हीसाठी साइडिंग बदलायची गरज नाही. माझ्या ओळखीत एकांनी फक्त हिरवट दिसतं म्हणून चांगलं बारा वर्षांचं व्हिनिल काढून टाकलं. ते धुवून निघालं असतं याची मला आजही हळहळ वाटते.

व्हिनिलला टोचू नका, त्याचं वेगळं बघायचं: तडे, भोकं, वितळून लहरी आलेला भाग, सुटलेले पट्टे. लहरी आल्या असतील तर समोर बघा, शेजाऱ्याच्या लो-ई (उष्णता परत फेकणाऱ्या) काचेच्या खिडकीवरून परावर्तित झालेलं ऊन तुमच्या भिंतीवर पडत असू शकतं, किंवा बार्बेक्यूची ग्रिल भिंतीच्या फार जवळ असेल. कारण तसंच ठेवून नवीन व्हिनिल बसवलं तर तेही वितळेल.

प्रत्येक खराब जागेचा फोटो काढा, आणि फोटोत भिंतीची दिशा लिहा. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. पुढे हेच लागणार आहे.

४. पाणी कुठून येतंय ते शोधा (सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा)

आमची चूक इथे झाली म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गॅरेजचं छप्पर दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला तिरकं टेकतं, त्या उताराच्या शेवटी एक वाकवलेला पत्र्याचा छोटा तुकडा असायला हवा, त्याला किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. त्याचं काम एवढंच की छपरावरून भिंतीलगत वाहत आलेलं पाणी बाहेर गटरमध्ये (छपराच्या कडेच्या पन्हळीत) ढकलायचं. आमच्याकडे तो तुकडाच नव्हता. पस्तीस वर्षं प्रत्येक पावसाचं थोडं थोडं पाणी भिंतीच्या आत उतरत होतं. आधी लाकूड वाळायचं तरी, कारण फळ्यांच्या खालच्या कडेतून हवा आणि पाणी बाहेर यायला फट होती. २०१९ मधल्या रंगवाल्याने फळ्यांच्या त्या खालच्या सगळ्या कडा कॉल्कने (फटी बुजवायच्या चिकट लांबीने) बंद करून टाकल्या, दिसायला एकदम सफाईदार. मला वाटलं, वा, किती मन लावून काम केलंय. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायची वाटच राहिली नाही, दोन हिवाळ्यांत भिंत गेली.

म्हणून सांगतो, कॉल्क उभ्या सांध्यांना, खिडकीच्या बाजूंना ठीक आहे. एकावर एक चढवलेल्या फळ्यांची खालची कड आणि व्हिनिलच्या तळाची छोटी भोकं कधीच बंद करू देऊ नका. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो, पण इकडे वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस फळीच्या मागून वर सरकतो, आणि प्रेशर वॉशर खालून वर मारला तर पाणी नक्कीच चढतं. धुताना नेहमी वरून खाली.

बाकी बघायच्या जागा पटापट सांगतो. गटर भरून वाहतंय का, भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहून बघा, कोरड्या दिवशी काही कळत नाही. डाउनस्पाउटचं (गटरमधून खाली येणाऱ्या पाइपचं) पाणी भिंतीपाशीच पडतंय का. माती किंवा मल्च (झाडांभोवती पसरलेला लाकडाचा भुगा) साइडिंगला टेकलंय का, मध्ये किमान सहा इंच मोकळं हवं, नाहीतर ओल तर येतेच आणि वाळवीला रस्ता मिळतो. डेकच्या आणि छपराच्या वर एक-दोन इंच जागा हवी. खिडकीच्या डोक्यावर फ्लॅशिंग आहे का. आणि आतूनही बघा: बाथरूमच्या पंख्याचा पाइप खरंच बाहेर निघतो का भिंतीत किंवा ॲटिकमध्येच (छपराखालच्या माळ्यात) सोडलाय. बाथरूम, लाँड्री किंवा स्वयंपाकघराच्या मागच्याच भिंतीवर पोपडे असतील, आणि पोपडा थेट उघड्या लाकडापर्यंत निघत असेल, तर बहुतेक ओल आतून येतेय. आपल्याकडे रोज फोडण्या, कुकरच्या शिट्ट्या, डाळ-भात उकळणं, वाफ भरपूर. आमच्या स्वयंपाकघराचा हूड हवा गाळून परत घरातच सोडणारा होता, तो बाहेर काढून घेतला.

पाण्याचं कारण दुरुस्त केल्याशिवाय रंगही नको आणि नवीन साइडिंगही नको. नवीन साइडिंग तर आणखी वाईट, कारण त्याच्या आड कुजणं दिसतसुद्धा नाही.

५. आता निर्णय, पण घराचा नाही, एकेका भिंतीचा

कॉन्ट्रॅक्टर लोक बहुतेक दोनच पर्याय देतात, सगळं रंगवा नाहीतर सगळं काढा. रंगवाला रंगच सांगणार, साइडिंगवाला साइडिंगच सांगणार. तुमच्या फोटोंवरून तुम्ही स्वतः भिंतीनिहाय ठरवा.

रंग पुरे: फक्त फिकं पडलंय, पूड येतेय, किंवा वरवरचे पोपडे दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात आलेत आणि खाली लाकूड टणक आहे. फायबर सिमेंट अखंड आहे. ॲल्युमिनियमला पोचे थोडेच आहेत, ॲल्युमिनियम नीट धुवून चांगल्या ॲक्रिलिकने रंगवलं तर सुंदर होतं.

थोड्या फळ्या बदला आणि मग रंग: तळाच्या दोन-तीन ओळी, खिडकीखालचे कोपरे, एखादी कोपऱ्याची पट्टी (ट्रिम) एवढंच मऊ आहे. हा पर्याय कोणी आपणहून सांगत नाही, कारण काम किचकट आणि पैसे कमी. मागून घ्या. नवीन फळीच्या मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांना पण प्रायमर लावायला सांगा, लाकूड टोकांतूनच जास्त पाणी पितं.

बदला: एकाच भिंतीवर ठिकठिकाणी टोक आत जातंय, हार्डबोर्ड सगळीकडे फुगलंय, व्हिनिल ठिसूळ होऊन हात लावला की तुटतंय, मागची पाटी मऊ लागतेय, किंवा नीट तयारी करून लावलेला रंग दोन-तीन वर्षांतच परत परत निघतोय. ती भिंत उघडायलाच हवी.

व्हिनिलला रंग देता येतो का? येतो. पण मूळ रंगापेक्षा गडद साधा रंग लावलात तर ते ऊन ओढून घेतं आणि पट्टे वाकतात. व्हिनिलसाठीच बनवलेले रंग मिळतात, ते घ्या, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर आधी वाचा, रंग दिला की बऱ्याच कंपन्या ती रद्द धरतात. आणि एकदा रंगवलं की पुढे रंगवतच राहावं लागणार हेही धरून चाला. दोन-चार पट्टेच फुटले असतील तर झिप टूल नावाच्या छोट्या हुकाने पट्टा सोडवून तेवढाच बदलता येतो. तोच रंग दुकानात मिळाला नाही तर घराच्या मागच्या कोपऱ्यातला जुना पट्टा पुढे आणि नवीन मागे, असं आम्ही शेजाऱ्यांकडे केलं, कळतसुद्धा नाही.

आमचं काय झालं: गॅरेजची भिंत पूर्ण उघडली, पाटी आणि एक खांब बदलला, फ्लॅशिंग बसवलं, नवीन सीडर लावलं. बाकी तीन भिंतींच्या खालच्या कडांचं कॉल्क कापून काढलं, एवढंच. त्या तिन्ही भिंती आजही तशाच आहेत.

६. मोजमाप आणि हिशोब

कोट यायच्या आधी स्वतः मोजा, म्हणजे समोरच्याचा आकडा तपासता येतो. घराचा परीघ गुणिले भिंतीची उंची, अधिक वरचे त्रिकोण (रुंदी गुणिले उंची भागिले दोन), वजा खिडक्या-दारं. समजा घर ४० बाय २८ फूट आणि भिंत १८ फूट. परीघ १३६, गुणिले १८ म्हणजे २,४४८. दोन त्रिकोण, प्रत्येकी २८ रुंद ८ उंच, मिळून २२४. खिडक्या, दारं, गॅरेजचं दार वजा केलं की साधारण २,३०० चौरस फूट उरतं. साइडिंगवाले "स्क्वेअर" मध्ये बोलतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट, म्हणजे हे २३ स्क्वेअर आणि कापाकापीत वाया जाणारं साधारण दहा टक्के वर. रंगाचा एक गॅलन ३५० ते ४०० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे एका हाताला सहा-सात गॅलन आणि दोन हातांना बारा-तेरा. कोणी "दोन कोट देतो" म्हणून सात गॅलन आणले तर प्रश्न विचारा.

मग वर्षाचा हिशोब मांडा. आकडे फक्त समजण्यापुरते: रंगाला ८,००० डॉलर आणि तो सात वर्षं टिकला तर वर्षाला साधारण १,१४० पडले. साइडिंगला २४,००० आणि ३० वर्षं टिकलं तर वर्षाला ८००. असं बघितलं की साइडिंग स्वस्त वाटतं आणि सेल्समन हेच गणित दाखवतो. पण तुम्ही चार वर्षांत नोकरी बदलून टेक्सासला जाणार असाल तर ते ३० वर्षांचं गणित तुमचं नाही, पुढच्या मालकाचं आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी तर हा विचार नक्की करावा. कर्ज काढून करणार असाल तर व्याज धरा. आणि फायबर सिमेंट किंवा लाकूड बसवलं तरी पुढे कधीतरी रंग येणारच, तो पण धरा.

"नवीन साइडिंगने हीटिंगचं बिल निम्मं होईल" असं कोणी म्हटलं तर उठून दार दाखवा. साध्या व्हिनिलची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचं माप) एकसुद्धा नसते, मागे फोम असलेल्याची दोन-तीनच्या आसपास. फायदा होतो तो भिंत उघडली असताना फटी बुजवल्या, कागद नीट लावला, फोमची पाटी घातली तर.

टॅक्सचं: घर विकताना नवीन साइडिंगचा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो, नुसत्या रंगाचा सहसा नाही. बिलं जपून ठेवा. न्यू जर्सीत नवीन साइडिंगच्या कामाला एसटी-८ फॉर्म भरून दिला की मजुरीवर सेल्स टॅक्स लागत नाही, तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला त्याबद्दल विचारा.

७. परवानगी आणि इन्शुरन्स

एचओए (घरमालकांची असोसिएशन) असेल तर आधी त्यांचा फॉर्म, नमुना आणि लेखी होकार. टाउनहाउस असेल तर बाहेरची भिंत तुमची का असोसिएशनची हेच आधी बघा, कदाचित तुम्हाला खर्चच करायचा नाही. ऐतिहासिक भागात घर असेल तर वेगळी मंजुरी. परमिट लागतं का हे टाउनशिपच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला स्वतः फोन करून विचारा, दर राज्यात आणि गावात वेगळं असतं.

इन्शुरन्स गारपीट, वादळ, पडलेलं झाड असल्या अचानक झालेल्या नुकसानाला असतो, हळूहळू कुजण्याला नाही. वादळानंतर दोन दिवसांत दारावर येऊन "फुकटात नवीन साइडिंग मिळवून देतो, इथे फक्त सही करा" म्हणणारे येतात. सही करू नका. आधी तुमच्या कंपनीला फोन, फोटो, आणि डिडक्टिबल (तुम्ही स्वतः भरायची रक्कम) किती ते बघा.

८. कॉन्ट्रॅक्टर निवडताना

किमान तीन कोट, आणि त्यातला एक तरी अशा माणसाचा जो दोन्ही कामं करतो, रंग आणि फळ्या बदलणं. तिघांनाही तेच फोटो दाखवा, तेच शब्द वापरा, नाहीतर कोटांची तुलनाच होत नाही.

न्यू जर्सीत होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टर स्टेटकडे रजिस्टर असावा लागतो, त्याचा नंबर १३व्हीएच ने सुरू होतो, डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तो तपासता येतो. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखीच हवं आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत मिळाल्यावर तिसऱ्या बिझनेस डेच्या मध्यरात्रीपर्यंत ते रद्द करता येतं. कॅलिफोर्नियात असाल तर आगाऊ रक्कम कामाच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल त्याच्या वर मागता येत नाही. बाकी राज्यांत आपापले नियम बघा, पण अर्ध्यापेक्षा जास्त आधी मागणाऱ्याला मी कुठेच पैसे दिले नसते.

कॉन्ट्रॅक्टमध्ये हे शब्दांत हवं: कुठल्या कंपनीचा कुठला माल, व्हिनिल असेल तर जाडी (०.०४० इंचाच्या खाली मी घेतलं नसतं), मागचा कागद नवीन का जुनाच, खिडक्यांभोवती फ्लॅशिंग टेप, किकआउट फ्लॅशिंग, कचरा कोण नेणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे कुजलेली पाटी निघाली तर प्रत्येक शीटमागे किती दर. हे आधी लिहिलं नाही तर भिंत उघडी पडलेली असताना जो दर सांगतील तो द्यावा लागतो, कारण आभाळ भरून आलेलं असतं. रंगाचं असेल तर धुणं, खरवडणं, घासणं, प्रायमर, दोन कोट हे वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या. "तयारी समाविष्ट" या दोन शब्दांवर सही करू नका, मी केली होती.

९. काम चालू असताना

घरी राहा किंवा कोणाला तरी राहायला सांगा. जुनं निघाल्यावर आणि नवीन लागायच्या आधी उघड्या भिंतीचे फोटो काढणं, हे काम परत कधीच करता येत नाही. कागद वरचा खालच्यावर चढलेला हवा, कौलासारखा, उलटा नाही. व्हिनिलचे खिळे भोकाच्या मधोमध आणि सैल, लावल्यावर पट्टा हाताने सरकवून बघा. कडाक्याच्या थंडीत व्हिनिल ठिसूळ होतं, त्यामुळे जानेवारीतली मोठी सवलत मला नको वाटते.

रंगाला कोरडी भिंत लागते, धुतल्यावर लाकडाला दोन-तीन कोरडे दिवस द्या. साधारण ५० फॅरनहाइटच्या खाली तापमान जाणार असेल तर डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, काही रंग ३५ पर्यंत चालतात. भर उन्हातल्या भिंतीवर लावू देऊ नका, सावली सरकेल तसं काम सरकायला हवं. आमच्याकडे सप्टेंबर हा सगळ्यात चांगला महिना.

जवळ ठेवायचे कागद

- घर घेतानाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट (साइडिंगचं पान परत वाचा, बऱ्याचदा सगळं तिथेच लिहिलेलं असतं)
- घराचं बांधकाम वर्ष, सर्व्हे
- शिसं किंवा ॲस्बेस्टॉस टेस्टचा रिपोर्ट, लागू असेल तर
- एचओए आणि टाउनशिपची लेखी उत्तरं
- कॉन्ट्रॅक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर, लायबिलिटी आणि वर्कर्स कॉम्प (मजुरांना कामावर इजा झाली तर) इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, ते त्याच्या एजंटकडून थेट मागवा
- कॉन्ट्रॅक्ट, बदलांची प्रत्येक लेखी नोंद, बिलं
- शेवटचा चेक देताना लीन वेव्हर, म्हणजे माल पुरवणाऱ्याचे किंवा मजुरांचे पैसे थकले तर ते तुमच्या घरावर दावा लावणार नाहीत
- मालाची आणि कामाची वॉरंटी, दोन वेगळ्या असतात

शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर द्यायचं कॉन्ट्रॅक्टमध्येच ठरवून घ्या. त्या पावसात बाहेर जाऊन किकआउटपाशी उभे राहा, पाणी गटरमध्ये पडताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. उरलेले पाच-सहा पट्टे किंवा फळ्या आणि रंगाच्या डब्याच्या झाकणाचा फोटो, गॅरेजमध्ये नीट ठेवून द्या. माल बंद होतो, रंगांची नावं बदलतात, आणि आठ वर्षांनी एका क्रिकेटच्या चेंडूने फुटलेल्या पट्ट्याला जोड मिळत नाही.